ढोलकीवाल्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याजवळच्या गावात तुम्ही चौघांनी मिळून जत्रेवरचं एक गाणं केलं. चाल आणि आवाज तुमचा, शब्द मित्राचे, कीबोर्ड आणि रेकॉर्डिंग तिसऱ्याचं, ‘आणि आमचा ढोलकीवाला’. डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी अ‍ॅपवर पोचवून त्यांचे पैसे आणून देणाऱ्या कंपनीमार्फत, गाणं सगळ्या अ‍ॅपवर चढवलं. वर्षभरात ते दोन लाखांवर वेळा वाजलं, पण आलेल्या पैशांत स्टुडिओचं बिलसुद्धा सुटलं नाही. अ‍ॅपवाले लबाडी करतायत का, आणि जे काही आलंय त्याची वाटणी कशी करायची, हे तुम्हाला हवंय.

मी वीसेक वर्षं पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन वाजवलं. गेली दहा वर्षं वाजवणं कमी आणि गायक-संगीतकारांचे हक्कांचे कागद, रॉयल्टीचे हिशेब बघणं जास्त. त्या अनुभवावरून आधीच सांगते: तुम्ही पाठवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या हिशेबाच्या तक्त्यात मला लबाडी दिसली नाही. दर कमी आहे, तो मलाही अन्याय्य वाटतो. पण तुमचे जास्त पैसे अडलेत ते तुम्ही न भरलेल्या कागदांमुळे. आणि चौघांपैकी एकाला तर त्या तक्त्यात रकानाच नाही.

आधी तक्ता बघू. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक रांगेत महिना, अ‍ॅप, देश, ऐकणारा वर्गणीदार की फुकटा, किती वेळा वाजलं आणि रक्कम एवढं असतं. रक्कम भागिले संख्या असा भागाकार प्रत्येक रांगेत करून बघा. एकाच अ‍ॅपवर, एकाच महिन्यात, एकाच गाण्याचे पाच निरनिराळे दर निघतील. यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हिशेबात घोटाळा आहे. वास्तविक ‘एका ऐकण्याला अमुक पैसे’ असा दर कुठेच ठरलेला नसतो. एका देशातून वर्गणी आणि जाहिरातींचे जेवढे पैसे जमतात, त्यातला साधारण दोन तृतीयांश हिस्सा हक्कधारकांसाठी बाजूला निघतो आणि तो एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटला जातो. म्हणजे दर हा शेवटी निघणारा आकडा आहे.

यातली खोच एका उदाहरणाने कळेल. समजा, एका अ‍ॅपचे दोनच ग्राहक आहेत. दोघे महिन्याला शंभर-शंभर रुपये भरतात. दोनशेतले 60 अ‍ॅपने ठेवले, 140 वाटायला उरले. पहिला ग्राहक कॉलेजातला पोरगा, दिवसभर कानात बोंडं, महिन्यात 900 वेळा सिनेमातली गाणी. दुसऱ्या तुमच्या आत्या. त्या फक्त भाच्याचं गाणं लावतात, महिन्यात 100 वेळा. एकूण 1000 ऐकण्यांत तुमची 100, म्हणून तुम्हाला 140 चे दहा टक्के, म्हणजे 14 रुपये. आत्यांच्या वर्गणीतले 70 रुपये वाटायला आले होते. त्यांनी त्या पोराच्या आवडीचं एकही गाणं ऐकलं नाही, तरी त्यांचे 56 रुपये तिकडे गेले.

ज्याची वर्गणी त्याच्याच आवडीच्या कलाकारांत वाटा, ही मागणी यातूनच आलेली. साउंडक्लाउड या अ‍ॅपने 2021 मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी तशी पद्धत आणली. डीझर या दुसऱ्या अ‍ॅपने 2023 मध्ये युनिव्हर्सल या संगीत कंपनीबरोबर वेगळी वाट काढली, ज्यात ठरावीक संख्येच्या वर ऐकल्या जाणाऱ्या कलाकाराची ऐकणी दुप्पट मोजतात. मलाही वर्गणीदारानुसार वाटणी जास्त न्याय्य वाटते. तरी त्यावर फार आशा लावून बसू नका. फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने 2021 मध्ये याचा हिशेब मांडला, तेव्हा लहान कलाकारांच्या पदरात पडणारी वाढ वर्षाला जेमतेम काही युरोंची निघाली. वाटणीचा नियम बदलला तरी लहान आकडा लहानच राहतो.

स्पॉटिफायने 2024 पासून आणखी एक उंबरठा घातलाय: मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळासुद्धा वाजलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगला काहीच रॉयल्टी मिळत नाही. तुमचं हे गाणं त्यातून सुटलं, पण त्याच अल्बममधली बाकीची तीन बघा. त्यांच्या रांगा शून्य का आहेत, याचं उत्तर तिथे आहे.

आता देशाचा रकाना. तुमच्या यादीत अमेरिकेची एक छोटी रांग आहे, ऐकणी अगदी थोडी. पण दर काढलात तर तो भारतातल्या फुकट ऐकणाऱ्याच्या कित्येक पट निघेल. बहुधा तिकडच्या कुणा मराठी मंडळाने गणपतीत लावलं असणार. आपल्याकडे वर्गणी स्वस्त आणि ती भरणारे थोडे. बहुतेक जण जाहिराती सोसून किंवा यूट्यूबवर फुकट ऐकतात. रेझो या अ‍ॅपने जानेवारी 2024 मध्ये भारतातून गाशा गुंडाळला, त्याच वर्षी विंकही बंद झालं. गानाने त्याआधीच फुकटचा दरवाजा लावून घेतला होता. तेव्हा भारतात अ‍ॅपवाले नोटा मोजत बसलेत, हा समज काढून टाका. भांडं लहान आहे आणि पंगत मोठी.

इथपर्यंत तुमच्या हातात काही नव्हतं. पुढचं आहे.

कायद्याने एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या रचनेचं ध्वनिमुद्रण. तुमचा डिस्ट्रिब्युटर फक्त दुसऱ्या मालमत्तेचे पैसे आणतो. रचनेचे पैसे वेगळ्या नळाने येतात, आणि आपल्याकडे तो नळ म्हणजे आयपीआरएस ही 1969 पासूनची संस्था. तिच्यात गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक सभासद असतात. ती अ‍ॅप, टीव्ही, रेडिओ, हॉटेलं, जाहीर कार्यक्रम अशा ठिकाणांहून रचनेचा मोबदला गोळा करते. तुम्ही आणि तुमचे कवी मित्र दोघंही सभासद नाही आहात, असं तुम्हीच लिहिलंय. मग तुमच्या मित्राला स्ट्रीमिंगमधून आतापर्यंत काय मिळालं? काही नाही. तुम्ही खिशातून काढून दिलं तर तेवढंच.

हा नळ किती भांडून मिळालाय हे तरुण मुलांना ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आयपीआरएस चित्रपट निर्मात्यांच्या संघटनेविरुद्ध हरली. निर्मात्याने पैसे देऊन गाणं करवून घेतलं, तर गाण्याचा पहिला मालक तोच, असा निकाल लागला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक छोटी पुरवणी जोडली. जो गातो त्याला कायद्यात काहीच हक्क नाही, ही उणीव संसदेने भरून काढावी, असा त्यातला सूर होता. त्याआधी साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेबांचं याच रॉयल्टीवरून वाजलं होतं. गायकाचे पैसे चुकते झाले की विषय संपला, असं रफीसाहेबांचं मत. लताबाई हिस्सा मागत होत्या. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. 1994 मध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंताचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला आणि त्याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीत खरी कलाटणी मिळाली. राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले.

त्या दुरुस्तीतलं तुमच्या कामाचं एवढंच: गीतकार आणि संगीतकाराने बाकी सगळे हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याला विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणं वाजतं, तेवढा अपवाद. चित्रपटाबाहेरच्या गाण्यांना, म्हणजे तुमच्यासारख्यांना, हे संरक्षण आहेच. रेडिओवाल्यांनी तरीही बरीच वर्षं ताणून धरलं. एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने त्यांनाही रचनाकारांचे पैसे द्यावे लागतील हे स्पष्ट झालं. कायदा येऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हा.

तर या आठवड्यात तुम्ही दोघांनी सभासदत्वाचा अर्ज करा, आणि नुसता अर्ज करून थांबू नका. प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं: नाव, गीतकार, संगीतकार, कुणाचा किती वाटा, आणि सोबत रेकॉर्डिंगचा आयएसआरसी. रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा हा बारा अक्षरांचा क्रमांक डिस्ट्रिब्युटरच्या पानावर मिळेल. सभासद होऊन पाच वर्षं झाली पण एकही गाणं नोंदवलेलं नाही, असे लोक मी डझनाने पाहिलेत. एका गीतकाराचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलं होतं. एकदा आडनाव आधी, एकदा फक्त टोपणनाव, एकदा वडिलांच्या नावासह. यंत्राला ती तीन माणसं वाटली आणि तिघांचेही पैसे लटकले.

आता ढोलकीवाला. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात जवळचा, कारण मी त्याच बाजूला बसलेली आहे.

तेव्हा कॅसेटी जाऊन सीडी आल्या होत्या. एका कंपनीसाठी भक्तिगीतांचं सेशन होतं. सकाळी नऊला सुरू झालं, आठ गाणी, चार व्हायोलिनं. संध्याकाळी टेबलावर छापील पावत्यांचा गठ्ठा ठेवला होता. खाली रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला, त्यावर आडवी सही करायची आणि पाकीट घ्यायचं. वर बारीक अक्षरांत ओळ होती: ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे’. माझ्यापुढे रांगेत तबलजी होते, साठीचे. त्यांनी खिशातला चष्माही न काढता, न वाचता सही केली आणि मागे वळून म्हणाले, “बाई, लवकर करा, शेवटची लोकल जाईल.” मीही न वाचताच सही केली. ती आठ गाणी आज प्रत्येक अ‍ॅपवर आहेत. वादक म्हणून आमच्यातल्या एकाचंही नाव तिथे नाही.

हा आजार जुना आहे. हिंदी चित्रपटसंगीताचा तो भरघोस वाद्यवृंद ज्यांनी उभा केला, त्यांत गोव्याची किती माणसं! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनांकडचे सेबॅस्टियन डिसूझा. स्वरलेखन करायचे, कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवायचे. बहुतेकदा पडद्यावर नाव नाही. मिळायचं ते त्या दिवसाच्या सेशनचं. आणि संगीत-संयोजकाला कायदा आजही सहसा रचनाकार मानत नाही. संगीताचा कर्ता म्हणजे संगीतकार. तुमच्या कीबोर्डवाल्या मित्राने गाण्याचा सुरुवातीचा तुकडा रचला असेल, तर त्याला सहसंगीतकार म्हणून नोंदवायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचंय. तुम्ही लिहिलंय की ‘सगळ्यांना तो तुकडाच आठवतो’. मग मी तरी त्याला रचनेत वाटा दिला असता.

ढोलकी वाजवणारा मात्र रचनाकार ठरत नाही. तो कायद्याच्या भाषेत ‘कलावंत’, तुम्ही गायक म्हणून आहात तसाच. 2012 च्या दुरुस्तीने कलावंतालाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क दिला. ती गोळा करायला 2013 मध्ये गायकांची इस्रा ही संस्था नोंदली गेली. पुढे तिने वादकांनाही सामावून घेतलं आणि तिचं नाव इसाम्रा झालं. कागदावर सगळं आहे. पण स्ट्रीमिंगच्या नेहमीच्या तक्त्यात कलावंताचा हिस्सा ध्वनिमुद्रणाच्या मालकाच्या रकमेतच मिसळून येतो. मालकाने पुढे दिला तर दिला. स्पेनमध्ये असं नाही. तिथे 2006 पासून कलावंतांच्या संस्थेला अ‍ॅपकडून थेट मोबदला मागता येतो, आणि निर्मात्याशी केलेल्या कराराने तो हक्क बुडत नाही. उरुग्वेने 2023 मध्ये तसा कायदा केला, तेव्हा स्पॉटिफायने देश सोडायची धमकी दिली होती. पुढे सरकारने खुलासा केला आणि ते राहिले. आपल्याकडे वादकांनी मागायची गोष्ट ही आहे. एका ऐकण्याला किती पैसे यावर भाषणं ठोकण्यापेक्षा हा थेट नळ मागावा, असं माझं पक्कं मत आहे.

तोवर तुमच्या गाण्यात ध्वनिमुद्रणाचे मालक तुम्हीच आहात, म्हणजे ‘कंपनी’ तुम्हीच. हे जरा मनात घोळू द्या.

वाटणीबद्दल मी काय करते ते सांगते. वादकाला सेशनचं पूर्ण मानधन आधी द्यायचं, रोख किंवा खात्यात, गाणं चालो न चालो. ‘पैसे नाहीत, पण स्ट्रीमिंगमध्ये पाच टक्के देतो’ असं म्हणणारा निर्माता माझ्या लेखी फसवतोय, मग तो मित्र का असेना. तुमच्या गाण्याने वर्षभरात काय आणलं ते तुम्हीच बघताय. त्याचे पाच टक्के म्हणजे ढोलकीला शाई भरायचेही पैसे नाहीत. जत्रेची सुपारी घेताना तुम्ही इसार हातात पडल्याशिवाय तारीख धरत नाही. तोच रिवाज स्टुडिओत का मोडायचा?

मानधन दिल्यावर, त्याच्या वर, छोटा टक्का जरूर ठेवा. तोही खर्च वसूल झाल्यानंतरचा. गायक, कीबोर्ड आणि ढोलकी या तिघांत ध्वनिमुद्रणाची रक्कम कशी वाटायची याचा ठरावीक आकडा कुठे लिहिलेला नाही. जत्रेच्या गाण्यातून ढोलकी काढली तर काय उरतं, ते एकदा ऐकून बघा आणि मग ठरवा. गीतकाराला यातून काही देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, त्याचा नळ वेगळा. पण त्याची आजवरची रॉयल्टी तुमच्याही आळसामुळे गेलीय, तेव्हा या वर्षापुरतं त्याला द्या असं मी म्हणेन.

हे सगळं एका पानावर लिहा, मराठीत चालतं. कुणी काय केलं, कुणाला किती मानधन मिळालं, टक्के किती, हिशेब कधी दाखवणार, आणि नाव कुठे कुठे येणार. चौघांच्या सह्या आणि तारीख. लेखी आणि सहीचा नसेल तर हक्कांचं हस्तांतरण कायद्याने वैधच नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे दोन मुद्दे तुमच्या थोरल्या भावासाठी. त्यांच्या लोकगीतांचे हक्क एका कंपनीने एकरकमी घेतलेत असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. तो करार शोधा. 2012 नंतरचा असेल, तर करार करतेवेळी अस्तित्वात नसलेलं माध्यम त्यात नावानिशी लिहिलेलं असल्याशिवाय त्या माध्यमातले हक्क जात नाहीत, अशीही तरतूद आहे. त्याआधीचा असेल तर वाद होऊ शकतो. कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलालाच दाखवा, गावातल्या नोटरीला नको.

दोन किरकोळ गोष्टी. यूट्यूबच्या खात्यात अमेरिकी कराचा फॉर्म भरलेला नसेल तर तो भरा. भारताशी असलेल्या करारामुळे अमेरिकेतल्या ऐकण्यांवरची कपात 15 टक्क्यांवर येते, नाहीतर त्याहून बरीच जास्त जाते. दुसरं, ‘पाच हजारांत एक लाख ऐकणी’ असे मेसेज येतील. घेऊ नका. माझ्याकडच्या एका मुलाने घेतली, महिन्याभरात डिस्ट्रिब्युटरने त्याचं गाणं उतरवलं आणि खरी ऐकणीही त्याच्याबरोबर गेली.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. कवी मित्राचं नाव आहे, कीबोर्डवाल्याचं आहे, स्टुडिओचंसुद्धा आहे. चौथा माणूस मात्र चारही ठिकाणी ‘आमचा ढोलकीवाला’. डिस्ट्रिब्युटरच्या पानावर ‘वादक’ म्हणून रकाना असतो, तो तुम्ही मोकळा सोडलाय. तो अजूनही भरता येतो. बँकेच्या पासबुकावर आहे तसं त्याचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि मला कळवा. कागदाचा मसुदा मी त्यानंतर पाठवते.